विषय : दोन नग मासे हलविणेबाबत

आमच्या ऑफिसच्या टाकीत सहा मासे होते आणि सहाही सुखात होते. त्यात काही बदल करावा, अशी गरज जगात कुणालाच वाटत नव्हती. मला वाटली.

ऑफिस कोणतं ते सांगत नाही. पांढरकवड्यातलं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर खुलासा मागवतील, आणि खुलासा हा शब्द अलीकडे मला नकोसा झालाय. का, ते पुढे येईलच. मी तिथे आस्थापना शाखेत लिपिक आहे. नाव भोयर. कर्मचाऱ्यांच्या रजा, बदल्या, मेमो, सेवापुस्तकं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे लोक मला थोडे बिचकून असतात असं माझं मत आहे. तसं काही नाही, असं माझ्या बायकोचं.

टाकी सहा वर्षांपूर्वीची. एका साहेबांची बदली झाली, सामानाच्या ट्रकमध्ये टाकी मावेना, म्हणून ते ती ऑफिसला भेट देऊन गेले. भेट आली म्हणजे नोंद आली. खुर्च्या-कपाटांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मीच लिहिलं, ‘काचेची पेटी १, मासे नग ६’. आवक-जावक सांभाळणाऱ्या वर्षा गेडाम मॅडमनी एकदा विचारलं, “सर, जिवंत माशांची नोंद डेडस्टॉकमध्ये कशी काय?” मी म्हटलं, जिवंत वस्तूंचं रजिस्टर शासनाने दिलेलं नाही. त्यावर त्या हसल्या. मी हसलो नाही, कारण मी विनोद केला नव्हता.

सहांपैकी चार काळे मोली. ते बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. उरलेले दोन एंजल. पापडासारखे चपटे, पांढरेशुभ्र, वर-खाली लांब झालरी. चालले की पडदा हलल्यासारखं वाटायचं. त्यातली मोठी ती मादी. आमचे शिपाई लखीराम आडे तिला ‘याडी’ म्हणायचे. याडी म्हणजे त्यांच्या बंजारा गोरबोलीत आई. ती पाण्याच्या पाइपवर अंडी घालायची आणि त्यांच्यापुढे दिवसदिवस उभी राहून पहारा द्यायची. त्या दिवसांत लखीरामभाऊ कुणालाही काचेवर टकटक करू देत नसत. एकदा साहेबांनाही त्यांनी हळूच बाजूला केलं होतं.

आता एक गोष्ट मी आजवर कुणाला बोललो नाही. सकाळी लखीरामभाऊ दार उघडून आत आले की याडी सरळ काचेला येऊन लागायची. ते डावीकडे गेले की डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. मी टाकीसमोर उभा राहिलो की ती पाठ फिरवायची. माशाला पाठ कुठे असते, असं कुणी म्हणेल. असते. मला सहा वर्षं दिसत होती. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याकडे पाठ आणि वर्ग चारच्या कर्मचाऱ्याकडे तोंड, हे मनाला कुठेतरी लागतंच.

अशात विभागाच्या मोठ्या साहेबांची तपासणी लागली, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. आमचे साहेब पुण्याकडचे, नवीन आलेले. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “रेकॉर्ड व्यवस्थित ठेवा. आणि ऑफिस जरा जिवंत वाटलं पाहिजे.” बाकीच्यांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. मी दुसरं ऐकलं.

सोमवारी यवतमाळला कोर्टाचे कागद द्यायला गेलो होतो, तेव्हा माशांच्या दुकानात शिरलो. दुकानदाराचं नाव शाम. “कोणते पाह्यजेत?” त्याने विचारलं.

“जिवंत वाटतील असे.”

“आपल्याकडचे सारेच जिवंत हायेत साहेब.”

मग त्याने एका टाकीकडे बोट दाखवलं. पिवळसर अंग, त्यावर काळे उभे पट्टे, अंगठ्याएवढे, आणि नुसती धावपळ. नाव टायगर बार्ब. मला एकदम पटलं. आमच्याकडे टिपेश्वरचं जंगल, बाहेरगावचे लोक वाघ पाहायला आमच्या गावावरून जातात, मग ऑफिसातही वाघच पाहिजे. मोठ्या साहेबांना हे कसं सांगायचं तेही मी तिथेच मनात जुळवलं.

“भांडतात काय हे?” मी विचारलं.

“भांडत नाही, खेळतात,” शाम म्हणाला.

‘खेळतात’ या शब्दाची व्याख्या त्याच वेळी लेखी घ्यायला पाहिजे होती. घेतली नाही. तीन टायगर, हवा भरलेल्या पिशवीत, मांडीवर घेऊन एसटीत बसलो. शेजारी एक आजोबा होते. त्यांनी बराच वेळ पिशवीकडे पाहिलं.

“जेवाले नेऊन राह्यले काय?”

“नाही जी. पाहाले.”

“मासे? पाहाले?” ते थोडे सरकून बसले.

अर्ध्या वाटेत पिशवीला कुठेतरी भोक पडलं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. हाताने भोक दाबून मी उरलेला प्रवास केला, पण पाणी जिथे जायचं तिथे गेलं होतं. पांढरकवड्याला उतरताना साऱ्या गाडीचं लक्ष माझ्या पँटीकडे. कंडक्टर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “सांगाचं होतं ना बाबूजी. गाडी थांबवली असती.” पिशवी वर करून त्याला मासे दाखवेपर्यंत त्याने घंटी मारली होती.

ऑफिसात लखीरामभाऊंनी माझी अवस्था पाहिली. आधी पिशवी घेतली, मग मला टॉवेल दिला. क्रम माझ्या लक्षात आला.

“बाबू, आज टाकीत टाकू नोका जी,” ते म्हणाले. “बादलीत ठेवू पंधरा दिस. नवं जनावर आणलं का आमी बी पहिले गोठ्याबाहेर बांधतो. त्याची खोड तं समजू द्या.”

“पुढच्या शुक्रवारी तपासणी हाये लखीरामभाऊ. पंधरा दिवस कुठून आणू?”

“मंग दोन दिस तरी.”

“मासे हायेत भाऊ, बैल नाही,” मी म्हटलं आणि पिशवी टाकीत उलटी केली. लखीरामभाऊ बाजूला झाले. नोकरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस कसा बाजूला होतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

पहिला तास फार छान गेला. टाकी खरोखर जिवंत वाटली. साहेबसुद्धा केबिनमधून बाहेर येऊन “व्वा” म्हणाले. मग त्या तिघांतला एक याडीच्या मागे गेला आणि तिची खालची झालर त्याने पोरीची वेणी ओढावी तशी ओढली. याडी वळली, तेव्हा दुसऱ्याने वरची ओढली. मी म्हटलं, खेळतायत.

दुसऱ्या दिवशी झालरी कात्रीने कुणी वेड्यावाकड्या कापल्यासारख्या झाल्या होत्या.

ऑफिसात एरवी फाइल मागितली तर कुणी मान वर करत नाही, पण माशांच्या बाबतीत सल्ला द्यायला सगळे उठून आले. कुणी म्हणालं मीठ टाका, कुणी म्हणालं हळद टाका, एकाने तर फोडणी सोडून सगळं सांगितलं. वर्षा मॅडमनी मात्र मोबाइलवर वाचून नीट सांगितलं. “सर, हे मासे झुंडीचे आहेत. तिघंच असले तर दुसऱ्यांना छळतात. सात-आठ ठेवले तर आपसात गुंतून राहतात. आणि लांब झालरीच्या माशांबरोबर ठेवूच नये, असं पण लिहिलंय.”

यातलंही मी अर्धंच ऐकलं. गुरुवारी परत यवतमाळ, परत शाम, आणखी पाच टायगर. या खेपेला दोन पिशव्या एकात एक घातल्या आणि पिशवी मांडीऐवजी पायाशी ठेवली. अनुभवातून मी शिकतो, फक्त महत्त्वाचं सोडून.

आठ झाल्यावर ते आपसात गुंतले, हे खरं. पण ते गुंतले ते टोळीने कसं फिरायचं या विषयात. बसस्टँडवर गाडी लागली की लोक दारावर तुटून पडतात, तसे ते याडीवर यायचे. तिचा जोडीदार पाइपमागे लपला तो बाहेर येईना. मोली चारही वर, पाण्याच्या कडेला.

शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, टाकीतली मांडणी बदलून पाहा, म्हणजे कुणाचीच हद्द राहत नाही, सगळेच नवखे होतात. हे मला पटलं. बदल्यांचा विषय माझ्याच शाखेचा. मी बाह्या वर करून प्लॅस्टिकची झाडं इकडची तिकडे केली, सिमेंटचा किल्ला मधोमध आणला, पाइप दुसऱ्या कोपऱ्यात नेला. टायगर पाच मिनिटं गोंधळले, मग कामाला लागले. नवखे झाले ते फक्त दोघं. सहा वर्षं ज्या कोपऱ्यात याडीने घर केलं होतं, तो कोपराच मी हलवला होता. ती जुन्या जागी जाऊन पाइप शोधत राहिली.

लखीरामभाऊ झाडू घेऊन मागे उभे होते. “थे तिचं ठिकाण होतं बाबू,” एवढंच म्हणाले.

सोमवारी मी टाकीत मधोमध पडदा लावला, टायगर एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. ऑफिसात जे असतं त्याचाच, म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल कापून, चिकटपट्टीने. गडबडीत फाइलवरचा ‘तातडीचे’ हा शिक्का तसाच राहिला. पाण्यात चिकटपट्टी किती टिकते याचा मला अंदाज नव्हता. खालचा कोपरा सुटला, तिथून एक टायगर पलीकडे गेला, मग सातही गेले. आता पडद्याच्या एका बाजूला याडी, तिचे सोबती आणि आठ टायगर, दुसऱ्या बाजूला कुणी नाही, आणि मध्ये ‘तातडीचे’.

मंगळवारी लखीरामभाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं. “बाबू, मी या दोघांले घरी नेतो. टोपात ठेवतो. तपासणी झाली का आणतो वापस.”

मी त्यांना समजावून सांगितलं, की मासे डेडस्टॉकला आहेत. डेडस्टॉकची वस्तू कार्यालयाबाहेर न्यायची तर मंजुरी लागते. पण काळजी करू नका, मी टिपणी ठेवतो. आणि ठेवली. ‘विषय : दोन नग मासे तात्पुरत्या स्वरूपात कार्यालयाबाहेर हलविणेबाबत.’ टिपणी सुरेख उतरली होती. साहेब यवतमाळला बैठकीला होते. बुधवारी आले, गुरुवारी फाइल परत आली. समासात लाल शाईत एकच प्रश्न, ‘कोणत्या नियमान्वये?’

मी नियम शोधायला बसलो. खरंच बसलो. जनावरांच्या कोंडवाड्यापर्यंत पोचलो होतो.

“तं इथंच बादलीत ठेवतो,” लखीरामभाऊ म्हणाले. “रेकॉर्ड रूममध्ये. कोणाले दिसत नाही.”

याला कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. बादली होती, पाणी होतं, रेकॉर्ड रूम होती. मी म्हटलं, “भाऊ, मोठे साहेब रेकॉर्ड रूमच पाहातीन पहिले. बादली दिसली तं काय सांगू? एक दिवसाचा प्रश्न हाये.”

ते “बरं” म्हणाले. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

शुक्रवारी मोठे साहेब आले. रेकॉर्ड रूममध्ये ते गेलेच नाहीत. कॅश बुक पाहिलं, चहा घेतला, आणि निघता निघता टाकीसमोर थांबले. टायगर झकास चमकत होते. “अरे वा,” ते म्हणाले. मी एक पाऊल पुढे झालो. टिपेश्वरचं वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात ते वाकले आणि म्हणाले, “हा असा का झालाय?”

याडी तळाशी एका कुशीवर पडली होती. झालरी राहिल्याच नव्हत्या. कल्ला हलत होता, तोही थांबून थांबून. आठ-दहा माणसं भोवती उभी होती. आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “भोयर?”

तेव्हा बोलण्यासारखं खूप होतं. मी आणले साहेब, असं म्हणता आलं असतं. तीनच शब्द. मोठे साहेब बहुधा हसून गाडीत बसले असते.

मी म्हटलं, “सर, टाकीची देखभाल शिपायाकडे आहे.”

वाक्य खोटं नव्हतं. याच्याइतकं वाईट मी आयुष्यात काही बोललो नाही, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लखीरामभाऊ मोठ्या साहेबांची बॅग घेऊन मागेच उभे होते. त्यांनी बॅग गाडीत नेऊन ठेवली, दार लावलं आणि परत आले. मग टाकीत हात घालून याडीला ओंजळीत घेतलं. ती गेली होती.

साहेबांना मोठ्या साहेबांसमोर कमीपणा आला होता. त्यांनी मला लखीरामभाऊंच्या नावे मेमो काढायला सांगितला. मेमो माझ्याच शाखेतून निघतात. ‘आपल्या ताब्यातील शासकीय मत्स्यपेटीची योग्य देखभाल न केल्यामुळे...’ असा मसुदा मीच लिहिला. हात चालत होता. सतरा वर्षांची सवय. वर्षा मॅडमनी जावक क्रमांक टाकताना तो वाचला आणि पेन खाली ठेवला.

“सर, तुम्ही साहेबांना खरं का नाही सांगितलं?”

“सांगतो,” मी म्हटलं.

“कधी? ते या महिन्याच्या एकतीसला रिटायर होतात.”

मेमो घेताना लखीरामभाऊंनी ‘मिळाला’ असं लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला. सातवी शिकलेला माणूस, अक्षर मात्र गोल, सुबक. ‘मासे भांडत होते. काढून बादलीत ठेवायला पाहिजे होते, ते मी ठेवले नाही. टाकी माझ्याकडे होती. चूक माझी आहे.’ मी तो तीनदा वाचला. माझं नाव कुठेतरी असेल म्हणून शोधलं. कुठेच नव्हतं.

तो खुलासा हातात घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. पिशवी, शाम, बादली, सगळं. साहेबांनी ऐकलं, खुलाशावर ‘पाहिले. दफ्तरी दाखल’ असा शेरा मारला आणि म्हणाले, “आता मिटलं ना ते? मेमो मागे घ्यायचा म्हणजे वर कळवावं लागेल. कशाला उकरता, भोयर.” मी बाहेर आलो. दोनदा सांगायला हवं होतं. एकदाच सांगितलं.

टायगर मॅडम स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. वेगळ्या टाकीत, वेगळ्या झाडांत ते आता मजेत आहेत म्हणतात. त्यांचा काही दोष नव्हताच. एकतीस तारखेला लखीरामभाऊंचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. साहेबांनी भाषणात ‘निष्कलंक सेवा’ असा शब्द वापरला. मी समोर पाहू शकलो नाही. पेढेही वाटले गेले, मी टाळले.

पुढचे दोन शनिवार मी घरी नुसता फिरत होतो. शेवटी बायको म्हणाली, “माफी मागाची तं जाऊन मागा ना. माह्या स्वयंपाकघरात कायले मागून राह्यले?” तिसऱ्या शनिवारी दुपारी ऑटो करून लखीरामभाऊंच्या तांड्यावर गेलो. अंगणात तूर वाळत घातली होती. ते खाटेवर बसले होते, मला पाहून उठले. ऑफिसात उठायचे तसेच. मला ते बरं वाटलं नाही.

त्यांच्या बायकोने, बसंतीबाईंनी, चहा आणला. स्वतः उंबऱ्यात बसल्या. भिंतीवर निरोपाच्या दिवशीचा फोटो फ्रेम करून लावलेला होता.

“तुमीच काय भोयर बाबू?” त्या म्हणाल्या. “हे तुमचं लय सांगत राह्यतात. थे माशासाठी तुमी अर्ज लिहला म्हणे साहेबाले. माशासाठी कोण लिहते अर्ज?”

लखीरामभाऊ तुरीकडे पाहत होते.

“आन त्या दिवशी मी आलती ना कार्यक्रमाले,” त्या म्हणाल्या. “साहेबानं सांगतलं भाषणात. चौतीस वर्षाची नोकरी, एक डाग नाही लागला. मी साऱ्या तांड्यात सांगतलं.”

कप माझ्या हातात गरम होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. आता तरी खरं बोलायचं, सरळ, कुणाच्या आड न लपता. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, “डाग लागला वहिनी. थो मी लावला. ह्यायले मेमो देला साहेबानं, माशापायी. चूक माही होती. मेमो बी मीच लिहला.”

बोललो, आणि अंग एकदम हलकं झालं. फार तर दोन क्षण.

बसंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे. कप उचलला, माझा अर्धा भरलेलाच, आणि आत गेल्या.

लखीरामभाऊ चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

“तिले माहीत नव्हतं बाबू,” ते म्हणाले. “मी सांगतलं नव्हतं.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “तुमाले बोल्ल्याबिगर राहवलं नाही. समजते मले.”

मला रस्त्यापर्यंत सोडायला ते आले. मी नको म्हणत होतो. फाट्यावर आम्ही दोघं ऑटोची वाट पाहत उभे राहिलो, अर्धा तास असेल. ते कापसाबद्दल बोलले, मुलीच्या घरी जायचं म्हणाले, माझ्या बायकोची तब्येत विचारली. टाकीत कोण कोण राहिलं, ते विचारलं नाही. ऑटो आला. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, “साहेबाले नीट घरी सोडजो रे.”

सतरा वर्षांत मला ते कधी साहेब म्हणाले नव्हते. नेहमी बाबू म्हणायचे.